आवाज एकाचा, देह दुसऱ्याचा

सुरुवातीला फक्त एक खोली दिसते. कळकट भिंती, दारं, भिंतीवर लटकलेला जुना फोन, विजेची पेटी. जमिनीवर जाड काळ्या वायरी पडलेल्या आहेत. बघता बघता त्या हलायला लागतात. ओढणारं कोणी दिसत नाही, तरी त्या सापासारख्या सरपटत जातात. मग लक्षात येतं की कोपऱ्यात एक माणूस अंग चोरून बसलाय, आणि स्पीकरमधून येणारा आवाज त्याच्याशी बोलतोय. आवाज समजुतीचा आहे, नियम सांगणारा आहे, तेच तेच विचारणारा आहे. थोड्या वेळाने कळतं की तो आवाजसुद्धा त्याच माणसाचा आहे.

‘बेट्रॉफेनहाइट’ या कॅनडियन प्रयोगाची ही सुरुवात. नृत्यदिग्दर्शिका क्रिस्टल पाइट, लेखक आणि मुख्य नट जोनाथन यंग. जुलै 2015 मध्ये टोरांटोच्या ब्लूमा अपेल थिएटरात तो पहिल्यांदा झाला. त्या वर्षी टोरांटोत पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धा होत्या आणि त्यांच्या जोडीला भरलेल्या कला महोत्सवासाठी ही निर्मिती होती. बाहेर धावण्याच्या आणि पोहण्याच्या शर्यती चाललेल्या, आणि आत दोन तास हे.

कोपऱ्यात बसलेला तो माणूस दुःखाचा अभिनय करतोय एवढंच असतं, तर या प्रकरणावर लिहायचं कारण नव्हतं. 2009 साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तळ्याकाठच्या एका सुट्टीच्या घराला आग लागली. तीत यंगची किशोरवयीन मुलगी आणि तिच्या नात्यातली आणखी दोन मुलं गेली. नंतरची काही वर्षं धक्का, त्याची पुन्हा पुन्हा येणारी उचल आणि व्यसन यांत गेली, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे. असा माणूस एका नृत्यदिग्दर्शिकेकडे येतो आणि म्हणतो, यातून काहीतरी उभं करूया.

तिने काय करावं? प्रश्न सोपा वाटतो, कारण आपण लगेच म्हणतो: मदत करावी. पण मदत आणि कलाकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहानुभूतीच्या भरात केलेलं वाईट नाटक मी भरपूर पाहिलंय. तुम्हीही पाहिलं असेल. प्रेक्षक रडतो, टाळ्या वाजवतो आणि वाहनतळावर पोहोचेपर्यंत विसरतो, कारण तो रडलेला असतो बातमीला.

पाइटने काय केलं हे समजायचं तर तिच्या हातात तोवर कोणती हत्यारं जमा झाली होती ते आधी बघायला हवं.

तिचा जन्म 1970 चा, ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेकडच्या टेरेस नावाच्या गावात. वाढली व्हिक्टोरियात. 1988 मध्ये, सतराव्या वर्षी, व्हँकूव्हरच्या बॅले बीसी या संस्थेत नर्तकी म्हणून रुजू झाली आणि दोनच वर्षांत तिथेच तिची पहिली नृत्यरचना रंगमंचावर आली. 1996 मध्ये ती जर्मनीत नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथच्या बॅले फ्रँकफर्ट या संस्थेत गेली. फोर्साइथकडे नर्तकाला नुसत्या स्टेप्स शिकवत नसत. शरीर बॅलेचंच, पण हालचाल कुठून सुरू करायची, कोपरातून की नितंबातून की कानाच्या पाळीतून, हे नर्तकाने त्या क्षणी ठरवायचं. तिथे पाच वर्षं काढलेल्या नर्तकाचे सांधे वेगळ्या तऱ्हेने विचार करायला लागतात.

2001 मध्ये ती परतली आणि 2002 मध्ये व्हँकूव्हरला तिने स्वतःचा समूह काढला: किड पिव्हट. नावाची गंमत आहे. पिव्हट म्हणजे एका बिंदूवर काटेकोरपणे फिरणं, दिशा बदलणं. त्याला शिस्त लागते. आणि ‘किड’ हे नाव चाच्यांचं, मुष्टियोद्ध्यांचं, कायदा धाब्यावर बसवणाऱ्यांचं. शिस्त आणि टवाळी एकाच पाटीवर. तिच्या कामात ही जोडी पुढे कायम दिसते.

त्या काळातल्या दोनच गोष्टी इथे सांगतो, कारण त्या नंतर कामी आल्या. 2009 च्या ‘डार्क मॅटर्स’मध्ये एक माणूस बाहुली बनवतो. काळ्या कपड्यांतले नर्तक ती बाहुली चालवतात, आणि शेवटी ती आपल्या कर्त्यालाच मारते. म्हणजे निर्जीव वस्तूत जीव कसा घालायचा आणि चालवणारे हात डोळ्यांसमोर असूनही प्रेक्षक ते विसरतो कसा, हे तिने तिथे तपासून घेतलं. त्याच वर्षी कॅनडाच्या नॅशनल बॅलेसाठी तिने ‘इमर्जन्स’ केलं. विषय मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, झुंडीची एकत्र बुद्धी. त्यात नर्तक तालाचे आकडे मोठ्याने मोजतात. एरवी नर्तक मनात मोजतो आणि प्रेक्षकाला ते कळू न देणं हे त्याचं कसब मानतात. पाइटने ती मोजणी उघडी केली आणि तिचंच संगीत झालं. आत चाललेली यंत्रणा बाहेर आणून ठेवायची, ही खोड तिला तेव्हापासूनची.

यंगशी तिची ओळखही जुनी. तो व्हँकूव्हरच्या इलेक्ट्रिक कंपनी थिएटरच्या संस्थापकांपैकी एक. 2006 मध्ये त्या मंडळींनी मायब्रिज या छायाचित्रकारावर नाटक केलं होतं. मायब्रिज म्हणजे धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे छायाचित्रांनी दाखवून देणारा. त्या नाटकातल्या हालचाली पाइटने बसवल्या होत्या. म्हणजे तिच्याकडे आलेला माणूस परका नव्हता. ‘बेट्रॉफेनहाइट’ ही पुढे या दोन संस्थांची एकत्र निर्मिती झाली.

आता अडचण बघा. नृत्यात दुःख दाखवायचे ठरलेले साचे आहेत. छाती आत जाते, हात आभाळाकडे, मग गुडघे मोडून जमिनीवर. भरतनाट्यममध्ये शोक स्थायीभावाला निदान शास्त्र आहे, विभाव-अनुभावांची शिस्त आहे. समकालीन पाश्चात्य नृत्यात तेवढंही नाही. तिथे बहुतेक वेळा चेलो वाजतो आणि कोणीतरी भिंतीवर डोकं टेकतं. दुसरी अडचण यंगचीच. तो नट आहे, नर्तक नव्हे. तिसरी सर्वांत कठीण: ज्याच्यावर बेतलं तोच माणूस रंगमंचावर उभा राहणार, एकदा नाही तर प्रयोगामागून प्रयोग, गावोगाव. आपल्या भाषेत ‘प्रयोग’ हा शब्द रंगमंचासाठीही आहे आणि प्रयोगशाळेसाठीही. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात, आणि प्रयोगशाळेतलं जनावर कोण हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पहिला चांगला निर्णय नावातच झालेला होता. हा जर्मन शब्द यंगला अमेरिकन रंगभूमीवरच्या एका दिग्दर्शिकेच्या लेखनात सापडला. एखाद्या घटनेने माणूस गाठला जातो, थोपवला जातो, आदळतो, आणि त्यानंतर काही काळ भाषाच चालत नाही, त्या अवस्थेचं हे नाव. इंग्रजीत त्याला एक शब्द नाही म्हणून जर्मन तसाच ठेवला. मराठीत आपल्याला एवढी ओढाताण करावी लागत नाही. ‘सुन्न’ आहे. संस्कृतातलं ‘शून्य’ प्राकृतातून घासत घासत ‘सुन्न’ होऊन आपल्या तोंडात आलं. गणितातला तो गोल भोपळा आणि वाईट बातमीनंतर डोक्यात होतं ते, दोन्हींचं मूळ एक.

नाव अवस्थेचं ठेवल्यामुळे घटना बाजूला ठेवता आली. आग दिसत नाही. मुलांची नावं येत नाहीत. काय झालं, किती वाजता झालं, कोण कुठे होतं, यातलं काही गोष्टीसारखं सांगितलं जात नाही. ज्याला माहीत आहे तो माहिती घेऊन बसतो, ज्याला नाही त्याला एवढंच कळतं की या माणसाच्या मागे काहीतरी भयंकर आहे आणि तो त्याच खोलीत पुन्हा पुन्हा शिरतोय. माझ्या मते संपूर्ण निर्मितीतला हा सर्वांत सभ्य निर्णय आहे. ते दुःख एकट्या यंगचं नव्हतं. मुलीला आई होती, आणि तीही रंगभूमीवरचीच. दुसऱ्या दोन मुलांचं घर होतं. ती घटना रंगवली असती तर या सगळ्यांच्या परवानगीचा प्रश्न उभा राहिला असता. अवस्था मात्र त्याची एकट्याची आहे, आणि तिच्यावर बोलायचा हक्क त्याला आहे.

मग खोली. मंचसज्जा जे गावर टेलरची. तो पाइटचा आयुष्याचाही जोडीदार. प्रकाशयोजना टॉम व्हिसरची. खोली म्हणजे त्या माणसाचं डोकं, हे प्रेक्षकाला पाच मिनिटांत कळतं आणि तरीही ती रूपक होऊन बसत नाही, कारण वायरी खरोखर सरपटतात, दारं खरोखर उघडतात. बाहुलीतून आलेलं कसब इथे वस्तूंना लावलंय. धक्का बसलेल्या माणसाच्या घरात वस्तूच वागायला लागतात, हे ज्यांनी एखादं वर्ष तसं काढलंय त्यांना सांगायला नको. फोन वाजला की पोटात गोळा येतो, तो फोनचा गुण असतो का?

आणि मग आवाज. या प्रकरणाचा गाभा माझ्या लेखी इथे आहे.

यंगने लिहिलेले संवाद बऱ्याच अंशी आधी ध्वनिमुद्रित केलेले आहेत. तो कधी प्रत्यक्ष बोलतो, कधी त्याचाच आवाज स्पीकरमधून येतो आणि तो फक्त ओठ हलवतो. कधी ओठ हलवतो जर्मेन स्पायव्ही, म्हणजे त्याच्या जुळ्यासारखा वावरणारा नर्तक. आवाज यंगचा, देह स्पायव्हीचा. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या हिंदी सिनेमा पाहण्यात गेल्यात, आपल्याला यात नवल काय? नायिकेच्या ओठांवर लताबाईंचा आवाज आपण जन्मापासून बिनतक्रार ऐकला. पण सिनेमात तो सांधा लपवायचा असतो, आणि नायिका गाते आहे असं वाटलं की काम फत्ते. पाइट सांधा उसवून दाखवते. ओठांबरोबर सगळं शरीर शब्दांना लावते, इतकं चोख की ते नैसर्गिक वाटायचं बंद होतं.

हे कसं होतं ते घरी करून बघता येतं. एक साधं वाक्य घ्या: “मी येतो म्हणालो होतो.” मोबाइलवर मुद्रित करा, जरा अडखळत, जसं खरं बोलाल तसं. मग ते लावून आरशासमोर उभे राहा. ‘मी’ला हनुवटी आत घ्या. ‘येतो’ची दोन अक्षरं दोन खांद्यांना वाटून द्या, आधी उजवा, मग डावा. ‘म्हणालो’ला हात उचला, पण ‘लो’वर तो मधेच थांबवा. अडखळला होतात तिथे मान अडकू द्या. ‘होतो’ला सगळं सोडून द्या. आता हेच दहा वेळा करा. चौथ्या-पाचव्या वेळेला वाक्याचा अर्थ गळून पडतो आणि उरतो एक माणूस, ज्याला त्याचंच बोलणं हलवतंय. तो बोलत नाहीये, त्याच्याकडून बोललं जातंय. धक्क्यात अडकलेला माणूस तीच वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणतो. मी तिथे असायला हवं होतं, मी फोन उचलायला हवा होता. ती वाक्यं तो म्हणत नाही, ती त्याला म्हणतात. हे वर्णन करून सांगितलं असतं तर मानसशास्त्राचं व्याख्यान झालं असतं. पाइटने ते सांध्यासांध्यांत घातलं.

याचा आणखी एक उपयोग आहे. तो कोणी मुद्दाम योजला होता की नाही हा माझा तर्कच म्हणा. रोज रात्री यंगला त्या आठवणीत शिरून आवाज फोडावा लागत नाही. आवाज आधीच पकडून ठेवलेला आहे, कंप असलेला, ठरलेल्या ठिकाणी तुटणारा. त्याचं त्या संध्याकाळचं काम म्हणजे वेळेवर ओठ लावणं. जखमेवर काम करणाऱ्या नटाला तंत्राची ढाल मिळाली. ज्या नाट्यशिबिरांत ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत वाईट क्षण आठवा’ असं सांगून पोरांना रडवतात, तिथल्या शिक्षकांनी यावर जरा विचार करावा.

पण या खोलीत नुसतं दुःख नाही. दार उघडतं आणि एक ‘शो’ आत येतो. गुलाबी पिसांतली नर्तकी, बुटांनी जमिनीवर ताल वाजवत टॅप नाचणारा, साल्सा, गोल हॅट घातलेली विदूषकी बाई, चकचकीत कपड्यांत स्पायव्ही. दिवे बदलतात, टाळ्यांचा आवाज येतो, यंगला ओढून मध्यभागी उभं करतात आणि तो एकदम फॉर्मात येतो. विनोद, जुगलबंदी, सूत्रसंचालकाचं हसू. हा शो म्हणजे व्यसन. येतो तेव्हा सुटका वाटते, आणि प्रत्येक फेरीनंतर माणूस त्याच खोलीत, आधीपेक्षा खाली.

व्यसन दाखवायला आपल्याकडे बाटली, विस्कटलेले केस आणि रेंगाळलेली जीभ लागते. इथे व्यसन करमणूक होऊन येतं, आणि करमणूक खरोखर उत्तम आहे. टॅप झकास आहे. प्रेक्षक हसतो, ठेका धरतो, आणखी हवं म्हणतो. म्हणजे त्या माणसाला जी ओढ आहे तीच दहा मिनिटं आपल्याला लागते. मग शो निघून जातो, खोली तशीच असते, आणि आपण टाळ्या कशाला वाजवल्या याची शरम वाटते. दारूवरची शंभर प्रबोधनपर पथनाट्यं जे करू शकत नाहीत ते हे करतं.

इथे पाइटच्या नर्तकांबद्दल सांगायला हवं. टॅप डेव्हिड रेमंडचा, साल्सा ब्रायन आरियासचा, पिसांतलं नृत्य सिंडी साल्गाडोचं. त्या त्या शैलीची रचना करायला तिने तो प्रकार अंगात असलेल्या नर्तकांनाच पुढे केलं. समकालीन नृत्याच्या जगात टॅप आणि शोबाजी यांच्याकडे जरा नाक मुरडूनच पाहतात, जसं आपल्याकडे काही शास्त्रीय मंडळी लावणीकडे पाहतात. पाइटने त्यांची टिंगल केली नाही. टिंगल केली असती तर शो मोहक झाला नसता, आणि मोहक नसता तर सगळी रचना कोसळली असती. टिफनी ट्रेगार्थेनची विदूषकी बाई तर वेगळीच चीज आहे. आपल्या सोंगाड्याला जशी राजाच्या दरबारातही काहीही बोलायची मुभा असते, तशी तिला त्या डोक्यात कुठेही शिरायची मुभा आहे. फक्त ती बोलत नाही. तिचं शरीर इतकं मऊ आणि तुटकं आहे की ती हसवतेय की घाबरवतेय हे शेवटपर्यंत ठरत नाही.

मध्यंतरानंतर सगळं गेलेलं असतं. खोली नाही, दारं नाहीत, पिसं नाहीत. मोकळा अंधारा मंच आणि एक मोठा खांब. नर्तक साध्या कपड्यांत. शब्द अगदी कमी. आता फक्त नृत्य.

या दुसऱ्या भागावर प्रेक्षकांत दोन तट पडतात. पहिला भाग इतका चमकदार आहे की दुसरा अनेकांना लांबलेला, ओळखीचा वाटतो: अरे, शेवटी आलंच ना ते समकालीन नृत्य. पहिल्यांदा चित्रीकरण पाहिलं तेव्हा मीही त्याच बाजूचा होतो. (बीबीसीने हा प्रयोग चित्रित केला, म्हणून लंडनला न जाता तो पाहता आला.) दुसऱ्यांदा पाहताना मत बदललं, पूर्ण नाही, बरंचसं. पहिल्या भागात बोलणं हाच आजार आहे. शब्द गोल गोल फिरतात. तो आजार शब्दांनीच बरा झाला असता तर खोटं वाटलं असतं. म्हणून शब्द काढून घेतले, आणि जे शरीर आतापर्यंत आवाजाचं गुलाम होतं त्याला स्वतःचं काहीतरी करायला दिलं. नर्तक एकमेकांना धरतात, ओढतात, एकाचं वजन दुसरा घेतो. तिथे पाइटचा हात असा चालतो की सहा माणसांचं एक जनावर होतं आणि पुन्हा सुटतं. तरीही दहा मिनिटं कापली असती तर बिघडलं नसतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

या प्रयोगाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये तो 2016 मध्ये झाला आणि 2017 मध्ये सर्वोत्तम नव्या नृत्यनिर्मितीचं ऑलिव्हिए हे लंडनच्या रंगभूमीवरचं मानाचं पारितोषिक त्याला मिळालं. पाइटला त्या वर्षांत मोठमोठ्या बॅले संस्था बोलवायला लागल्या होत्या. 2016 मध्ये पॅरिस ऑपेरात तिने 54 नर्तकांचं ‘द सीझन्स कॅनन’ केलं. 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेसाठी निर्वासितांच्या रांगेवरचं ‘फ्लाइट पॅटर्न’. त्यात 36 नर्तक एका लाटेसारखे हलतात. रॉयल ऑपेरा हाउसच्या मुख्य मंचावर रॉयल बॅलेसाठी एखाद्या स्त्रीने नवी रचना करण्याची वेळ अठरा वर्षांनी आली होती. हा आकडा पाइटबद्दल कमी आणि त्या संस्थेबद्दल जास्त सांगतो. त्या रचनेलाही पुढच्या वर्षी तेच पारितोषिक मिळालं.

पण मला जास्त लक्षणीय वाटतं ते वेगळंच. यंग आणि पाइट यांची जोडी फुटली नाही. असल्या कामानंतर सहसा फुटते. जे सांगायचं होतं ते सांगून झालं, आता एकमेकांकडे बघणंही जड जातं. इथे उलट झालं. 2016 मध्ये नेदरलँड्स डान्स थिएटरसाठी त्यांनी ‘द स्टेटमेंट’ केलं: एक लांब टेबल, चार नर्तक, कुठल्यातरी संस्थेतली मंडळी एका भानगडीची जबाबदारी कोणी घ्यायची यावर घासाघीस करताहेत. सगळे संवाद ध्वनिमुद्रित, सगळ्या माना आणि मनगटं त्या संवादांवर. कोणत्याही सरकारी कचेरीत ‘हे आमच्या खात्याकडे येत नाही’ ऐकलेल्या माणसाला ते पाहताना हसू आवरणार नाही. 2019 मध्ये रशियन लेखक गोगोलच्या इन्स्पेक्टरच्या नाटकावरून ‘रिव्हायझर’ आलं. त्यात पहिल्यांदा सगळं फार्ससारखं होतं आणि मग तेच पुन्हा होतं, संवादांच्या जागी हालचालींची वर्णनं उरतात आणि फार्सचा सांगाडा दिसायला लागतो. त्यालाही ऑलिव्हिए. 2023 च्या ‘असेंब्ली हॉल’मध्ये मध्ययुगीन लढाया खेळणाऱ्या हौशी मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. इतिवृत्त, कोरम, बंद पडायला आलेलं मंडळ. आपल्या कुठल्याही गावातल्या वाचनालयाची सभा डोळ्यांसमोर येते.

म्हणजे जे तंत्र एका बापाच्या डोक्यातल्या कल्लोळासाठी घडलं, ते पुढे खाजगी दुःखातून सुटून कार्यालयात, दरबारात, सभेत गेलं. माणूस स्वतः बोलतोय की त्याच्याकडून बोललं जातंय, हा प्रश्न तिथेही तेवढाच लागू आहे. ‘बेट्रॉफेनहाइट’ला अनेकजण उपचार म्हणतात, नाट्यातून बरं होणं वगैरे. यंग बरा झाला का, हे विचारायचा आपल्याला अधिकार नाही. जे मंचावर तपासता येतं ते एवढंच की त्याच्याजवळच्या कच्च्या मालाला पाइटने कच्चा ठेवला नाही. दया येऊन हात सैल सोडला नाही. मित्राच्या दुःखासमोर उभं राहून ‘हा प्रवेश लांबतोय’ असं म्हणायला जे लागतं ते तिच्याकडे होतं.

प्रयोगाच्या अखेरीला यंग निघून जातो. मंचावर राहतो स्पायव्ही, म्हणजे आतापर्यंत त्याचा आवाज वाहणारा देह. आता आवाज नाही. तो एकटा नाचतो. आधी हालचाली तुटक, जणू कोणीतरी अजून दोऱ्या ओढतंय आणि मधेच सोडतंय. हात वर जातो, कोपरात मोडतो, पुन्हा जातो. गुडघा जमिनीकडे येतो आणि टेकायच्या आत उचलला जातो. त्याला पकडायला कोणी नाही आणि त्याच्याकडून काही म्हणवून घ्यायलाही कोणी नाही. दिवे मंद होत जातात, तरी तो नाचतच असतो.